ब्राँझचे पहिले ओतकाम : कार्यशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

ओतकाम शिकायला आलेल्या माणसाचे डोळे पहिल्या दिवशी भट्टीवर खिळतात, आणि त्यात नवल नाही. मात्र तळहाताएवढे ब्राँझ साच्यात ओतायला जेमतेम पाच ते दहा सेकंद लागतात आणि त्याआधीची तयारी दोन दिवस चालते. अपघातही बहुतेक वेळा त्या दोन दिवसांतच पेरलेला असतो, ओतताना तो फक्त उगवतो. या कामात भाजते ते उष्णतेने, पण उडते ते ओलीमुळे. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,६०० पटींनी वाढते. ती वाफ हजार अंशांच्या रसाखाली, म्हणजे वितळलेल्या धातूखाली, कोंडली गेली की एखादा थेंबही मुशीतला (धातू वितळवायच्या भांड्यातला) रस छतापर्यंत भिरकावू शकतो. म्हणून पुढे जे सांगितले आहे त्यात प्रत्येक पायरीला एक प्रश्न पुन्हा पुन्हा येईल : ही वस्तू कोरडी आहे का, आणि ओली असेल तर तिची वाफ कुठून बाहेर पडणार आहे?

पहिल्या कामासाठी एका बाजूने उठाव असलेले आणि मागून सपाट असे तळहाताएवढे पदक निवडावे. ते वाळूच्या साच्यात ओतता येते, त्याला अर्धा ते एक किलो धातू पुरतो आणि चुकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते. गणपतीची मूर्ती, मुखवटा, पोकळ भांडे हे सारे नंतर. हे काम अनुभवी ओताऱ्याच्या देखरेखीखाली आणि किमान दोघांनी मिळूनच करायचे आहे. घराच्या गच्चीवर, चित्रफिती पाहून, एकट्याने करण्याचे हे काम नाही.

धातू

ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबे आणि कथील. तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते, कथील २३२ अंशांना, आणि नऊ भाग तांब्यात एक भाग कथील घातले की ते मिश्रण हजार अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होते. कथिलाचे प्रमाण वाढवावे तसा धातू कठीण, नादमय आणि ठिसूळ होत जातो. तळपायाला तेल लावून घासायची काशाची वाटी आपण पाहिलेली असते. तिच्यात कथील पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक असते, म्हणून ती वाजते सुरेख आणि फरशीवर आपटली तर तडकते. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर मराठ्यांनी आणलेल्या ज्या घंटा आज भीमाशंकरला आणि मेणवलीच्या घाटावर दिसतात, त्या याच घराण्यातल्या धातूच्या. पदकासाठी इतके कथील नको, नव्वद-दहाचे मिश्रण किंवा सिलिकॉन ब्राँझ घ्यावे. सिलिकॉन ब्राँझमध्ये सुमारे ९५ टक्के तांबे आणि तीन-चार टक्के सिलिकॉन असते, त्यात शिसे नसते आणि ते साच्यात चांगले पसरते, त्यामुळे नवख्यांना तेच सोयीचे पडते.

धातू तयार विटांच्या रूपात, घटकांचे प्रमाणपत्र घेऊनच विकत आणावा. येथे पैसे वाचवण्याचा मोह होतो, कारण भंगारात पिवळे-तांबूस तुकडे अर्ध्या भावात मिळतात. पण भंगारातले ‘ब्राँझ’ म्हणजे बहुधा पितळी नळ असतात किंवा गनमेटलचे व्हॉल्व्ह आणि बुश. पितळेत तीस-चाळीस टक्के जस्त असू शकते आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे ओतण्याचे तापमान येण्याआधीच मुशीतून पांढरा धूर निघू लागतो. तो छातीत गेला की चार-सहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला गोडसर धातूची चव येते, अंग ठणकते. हा ताप एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणूनच लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. गनमेटलच्या प्रचलित प्रकारात ८५ टक्के तांब्याबरोबर कथील, जस्त आणि शिसे प्रत्येकी पाच टक्के असते, आणि शिसे मात्र शरीरात साठत जाते. यांहून वाईट म्हणजे काही स्प्रिंगांत आणि ठिणगी न पाडणाऱ्या हत्यारांत वापरलेले बेरिलियम-तांबे. ते दिसायला साधेच असते, पण त्याचा धूर आणि धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. ओळख पटत नसलेला तुकडा मुशीत टाकू नये, हा नियम येथे अपवादाविना पाळावा.

जागा आणि अंगावरचे कपडे

ओतण्याची जागा वर छप्पर आणि बाजूंनी मोकळी असावी. छप्पर पावसासाठी आणि मोकळेपणा धुरासाठी. कोळशाच्या भट्टीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे बंद खोलीत भट्टी लावणे हा आत्मघात आहे. नुसत्या काँक्रीटच्या जमिनीवर ओतू नये. काँक्रीट कोरडे दिसले तरी त्याच्या पोटात पाणी असते आणि रस सांडला की त्याचे तुकडे उडतात. त्यावर आठ-दहा सेंटिमीटर कोरड्या वाळूचा थर पसरावा आणि साचे त्या वाळूतच ठेवावेत. भट्टीपासून साच्यापर्यंतची वाट चार-पाच पावलांची, सरळ आणि पूर्ण रिकामी हवी. गॅसची टाकी उभी आणि भट्टीपासून किमान तीन मीटर दूर ठेवावी. एल.पी.जी. हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, म्हणून जवळ गटार किंवा खड्डा नको. कोरड्या वाळूच्या दोन बादल्या आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे. सांडलेल्या रसावर पाणी कधीही मारू नये.

कोल्हापूर असो वा कोकण, जून ते सप्टेंबर या काळात हे सारे दुप्पट कडक पाळावे लागते. पत्र्याच्या एका छिद्रातून पडणारा थेंब नेमका मुशीत पडणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. माझे मत विचाराल तर नवख्यांनी पावसाळ्यात फक्त साचे आणि मेणकाम शिकावे, ओतकाम दसऱ्यानंतर करावे.

कपडे सुती किंवा लोकरी हवेत. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतात. पँटचे टोक बुटांच्या बाहेरून खाली सोडावे, बुटात खोचू नये. खोचले तर बुटाचा गळा म्हणजे रसासाठी उघडी वाटीच होते. बूट चामड्याचे आणि लेस नसलेले असावेत, म्हणजे वेळ आली तर एका झटक्यात काढता येतात. त्यावर चामड्याचा एप्रन, पायावर चामड्याचे आच्छादन, कोपरापर्यंत येणारे उष्णतारोधक हातमोजे आणि चष्म्यावरून पूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा काच घालावी. जुन्या कारखान्यांत अजूनही पांढरट अ‍ॅस्बेस्टॉसचे हातमोजे पडलेले आढळतात, त्यांना हात लावू नये. अंगठी, कडे, गळ्यातली साखळी घरी ठेवून यावी.

भाजल्यास भाग ताबडतोब वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये, चिकटलेले कापड ओढू नये आणि जखम लहान नसेल तर १०८ ला फोन करावा. हा पाण्याचा नळ ओतण्याच्या जागेपासून दूर, पण सर्वांना ठाऊक असलेल्या ठिकाणी असावा.

साचा

मला विचाराल तर ओतकामातला सर्वांत आनंदाचा भाग हाच, आणि घाई होते तीही येथेच. वाळूत थोडे बेंटोनाइट (एक चिकट माती) आणि चार-पाच टक्के पाणी असते. म्हणजे ज्या ओलीचे एवढे भय घातले ती येथे मुद्दाम घातलेली असते! फरक इतकाच की वाळूच्या दाण्यांमधून वाफेला बाहेर जायला हजार वाटा असतात. पाणी अधिक झाले, किंवा वाळू ठोकून ठोकून फरशीसारखी केली, तर त्या वाटा बंद होतात आणि साचा रस परत ओकतो. परीक्षा सोपी आहे. मूठभर वाळू दाबून लाडू वळावा. तो मोकळ्या हातावर टिकला पाहिजे, मधोमध मोडला तर कडा स्वच्छ राहिल्या पाहिजेत आणि तळव्याला पाणी लागता कामा नये. कडा ढासळल्या तर वाळू कोरडी, तळवा ओला झाला तर ती अधिक भिजलेली.

नमुना लाकडाचा किंवा प्लास्टरचा असतो, त्यालाच कारखान्यात पॅटर्न म्हणतात. ब्राँझ थिजताना साधारण दीड टक्का आकसते, म्हणून १०० मिलिमीटरचे पदक हवे असेल तर पॅटर्न १०१.५ मिलिमीटरचा करावा. त्याच्या कडांना दोन-तीन अंशांचा उतार द्यावा, नाही तर तो बाहेर काढताना वाळू सोबत घेऊन येतो.

पॅटर्न फळीवर सपाट बाजू खाली करून ठेवावा आणि साच्याच्या दोन बिनतळाच्या पेट्यांपैकी खालची पेटी त्याभोवती उलटी ठेवावी. शंखजिरे (टाल्कची पूड) पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ते त्यावर झटकावे, म्हणजे वाळू चिकटत नाही. प्रथम चाळलेली बारीक वाळू दोन सेंटिमीटर घालून बोटांनी उठावाच्या खोबणीत दाबावी, कारण पदकावरचे प्रत्येक अक्षर या थराच्या जिवावर उमटते. मग साधी वाळू भरत कडेकडून मध्याकडे ठोकत यावे, वरचा भाग पट्टीने सपाट करावा आणि पेटी पालथी करावी. वरची पेटी बसवून पुन्हा शंखजिरे मारावे, रस आत जाण्याच्या आणि बाहेर दिसण्याच्या जागी दोन गोल दांडके उभे करावेत आणि पुन्हा वाळू भरावी. आत जाण्याच्या वाटेला रनर आणि जेथून रस वर येऊन दिसतो त्याला रायझर म्हणतात. रायझरचे काम फक्त ‘साचा भरला’ हे सांगण्याचे नाही. पदक थिजताना आकसते तेव्हा लागणारा जादा रस तो पुरवतो, म्हणून तो पदकाच्या जाड भागाशी आणि त्या भागाहून जाड ठेवावा. शेवटी बारीक तारेने वरच्या पेटीत दहा-बारा छिद्रे पॅटर्नपासून एक सेंटिमीटर अलीकडे थांबतील अशी पाडावीत. वाफेच्या या हक्काच्या खिडक्या आहेत.

पेट्या उघडून पॅटर्न हलकेच ठोकून सैल करावा आणि सरळ वर उचलावा. आत पडलेले कण तोंडाने फुंकू नयेत. ते डोळ्यांत जातात आणि थुंकी साच्यात जाते. लहान भाता किंवा मऊ कुंचला वापरावा. साचा बंद केल्यावर वरच्या पेटीवर वजन ठेवायला विसरू नये. पाण्याच्या जवळजवळ आठपट जड असलेला रस वरची पेटी अक्षरशः उचलतो आणि फटीतून चारी बाजूंनी बाहेर येतो. साचा बांधला त्याच दिवशी ओतावा.

मूस आणि भट्टी

मूस ग्रॅफाइट-मातीची किंवा सिलिकॉन कार्बाइडची असते. ती हळूच टिचकीने वाजवून पाहावी. चांगली मूस टणत्कार देते, चिरलेली बद्द वाजते. नवी मूस पहिल्यांदा रिकामीच, मंद आचेवर तासभर तापवून पूर्ण कोरडी करावी आणि मग लाल होऊ द्यावी. मुशीत विटा घट्ट ठासू नयेत, कारण धातू तापून फुगतो आणि मूस फोडतो. सांडशीची पकड मुशीच्या पोटाखाली बसली पाहिजे, काठाला धरून उचलू नये.

भट्टी पेटवण्याआधी एक रंगीत तालीम घ्यावी. मुशीत तेवढ्याच वजनाची कोरडी वाळू भरावी, संपूर्ण पोशाख चढवावा आणि उचलणे, चालणे, ठेवणे, ओतणे हे किमान पाच वेळा करावे. कोण बोलणार हे आधीच ठरवावे. एकच जण ‘उचल’, ‘चल’, ‘थांब’ म्हणेल आणि बाकीचे गप्प राहतील. काचेतून खालचे नीट दिसत नाही, हातमोज्यात सांडशी जाड लागते, घाम डोळ्यांत जातो, हे सारे थंड मुशीसोबतच कळलेले बरे.

गॅसची भट्टी पेटवताना झाकण उघडे ठेवून आधी पेटता बोळा आत ठेवावा, ब्लोअर अगदी मंद सुरू करावा आणि मग गॅस थोडा थोडा उघडावा. तोंड भट्टीवर नेऊ नये, बाजूला उभे राहावे. ज्योत विझली तर प्रथम गॅस बंद करावा, ब्लोअर दोन-तीन मिनिटे चालू ठेवून आतला गॅस बाहेर जाऊ द्यावा आणि मगच पुन्हा पेटवावे. उलट क्रमाने केल्यास भट्टीतून स्फोटासारखा भडका येतो.

धातू वितळू लागला की वर कोरड्या लाकडी कोळशाचे दोन-तीन खडे टाकावेत, ते हवेला रसापासून दूर ठेवतात. पुढची वीट घालायची असेल तर ती आधी भट्टीच्या काठावर गरम करून घ्यावी, थंड वीट रसात कधीही सोडू नये. पदकासारख्या कामाला १,१०० ते १,१५० अंश पुरेसे असतात आणि ते तापमापक सळईने मोजावे. रंगावरून अंदाज करणे अनुभवाने येते, पण उन्हात तो अनुभवही फसतो. ‘आणखी थोडे तापू दे’ ही सवय वाईट. अति तापलेला रस वाफेतला हायड्रोजन शोषून घेतो आणि थिजताना तो सोडतो, त्यामुळे पदकाच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे राहतात. ओल येथे दुसऱ्या रूपाने हजर होते. कथिलाच्या ब्राँझमध्ये ओतण्याच्या अगदी आधी किलोमागे एक-दोन ग्रॅम फॉस्फर-कॉपर (फॉस्फरस मिसळलेले तांबे) घालून ढवळतात, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. सिलिकॉन ब्राँझला त्याची गरज पडत नाही.

मी शिकत होतो त्या छोट्या कारखान्यात एका थंडीच्या सकाळी रसावर तरंगणारी मळी, म्हणजे घाण, काढायचा झारा रात्रभर अंगणात राहिला होता. झाऱ्यावर दव दिसत नव्हते, फक्त गंजाचा तांबूस थर होता. तो रसाला टेकताच चुर्र असा आवाज झाला आणि वाटाण्याएवढा एक थेंब माझ्या खांद्यावरून जाऊन मागच्या पत्र्यावर चिकटला. गंज ओल धरून ठेवतो. त्या दिवसापासून झारा, ढवळणी, उरलेला रस ओतायचा लोखंडी साचा असे जे जे रसाला लागणार ते भट्टीच्या तोंडाशी दहा मिनिटे तापवल्याशिवाय मी वापरत नाही.

ओतणे

आधी गॅस आणि ब्लोअर बंद करावा, मग मूस उचलावी. ती कोरड्या, गरम अग्निविटेवर ठेवून झाऱ्याने मळी बाजूला करावी आणि मूस धरून ओतायच्या दांड्याच्या कडीत बसवावी. मुशीचे ओठ रनरच्या तोंडापासून तीन-चार सेंटिमीटरवर आणावेत आणि रनर सतत भरलेला राहील अशा एकाच धारेने ओतावे. मध्ये थांबल्यास दोन धारा एकमेकींना जुळत नाहीत आणि पदकावर शिवण दिसते. रायझरमध्ये रस वर आला की थांबावे. छिद्रांतून निळ्या-पिवळ्या ज्योती निघतील, त्या निघायलाच हव्यात. पेटीच्या फटीतून रस गळू लागला तर तो थांबवायला कोणीही वाकू नये. ओतणे सोडून उरलेला रस तापवलेल्या लोखंडी साच्यात रिकामा करावा. एरवीही मुशीत रस थिजू देऊ नये, कारण पुढच्या वेळी तोच गोळा फुगून मूस फोडतो.

थंड झाल्यावर

पाऊण तास साच्याला हात लावू नये. रंग गेला म्हणजे उष्णता गेली असे नव्हे. ४०० अंशांचे ब्राँझ दिसायला अगदी थंडच असते. साचा मोडताना उडणारी बारीक वाळू फुप्फुसांत साठते आणि वर्षानुवर्षांच्या कामानंतर तीच सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होऊन बसते. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ती अडत नाही, एन-९५ किंवा त्याहून चांगला मुखवटा लावावा, जमीन कोरडी झाडू नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत.

पदक हातात आले की पॉलिश करण्याआधी ते वाचावे. गुळगुळीत, गोल खळगे असतील तर वायू अडकला, म्हणजे वाळू ओली होती किंवा रस अति तापला होता. जाड भागाशी खडबडीत, दातेरी पोकळी असेल तर रायझर अपुरा पडला. कडा गोल होऊन अक्षरे अर्धवट उमटली असतील तर रस थंड होता किंवा ओतणे संथ झाले. पहिल्या पदकात यांपैकी निदान एक दोष असतोच. रनर करवतीने कापावा. ग्राइंडर वापरायचा असेल तर त्याचे संरक्षक कवच काढू नये आणि लांब बाह्यांचे सैल शर्ट घालू नयेत.

अशी चार-पाच पदके निर्दोष निघाल्यावर मेणाच्या पद्धतीकडे वळावे, म्हणजे मेणाच्या प्रतिमेभोवती साचा करून, मेण जाळून काढून त्या पोकळीत धातू ओतावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ही पद्धत वर्णन केलेली आहे. मेणाची प्रतिमा तोलून धातू किती लागेल हे काढण्याची रीतही त्यात आहे. आजही हिशेब तसाच करतात. ब्राँझ मेणाच्या नऊ-दहा पट जड असल्यामुळे रनरसह १२० ग्रॅम मेण भरले तर १,२०० ग्रॅम आणि वर हातचे दीड-दोनशे ग्रॅम धरावेत. १९७४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला सापडलेल्या प्राचीन धातुशिल्पांतले रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस हे भरीव ओतलेले असून चारही मिळून साठ किलोंहून अधिक भरतात. एवढा धातू परवडत नसेल तर पोकळ ओतकाम शिकावे लागते. प्लास्टर-सिलिकेच्या साच्यातून मेण जाळताना भट्टी ६०० ते ७०० अंशांपर्यंत हळूहळू चढवून मुठीएवढ्या कामालाही बारा तासांहून अधिक वेळ द्यावा लागतो, कारण साच्याच्या गाभ्यातले पाणी सर्वांत शेवटी निघते. मेणाची वाफ पेट घेते, म्हणून ही भट्टीही उघड्या जागीच हवी.

कापलेले रनर आणि रायझर फेकायचे नसतात. वाळू घासून ते एका डब्यात टाकावेत, डब्यावर मिश्रधातूचे नाव आणि तारीख लिहावी आणि डब्याला झाकण लावून तो भट्टीजवळच्या कोरड्या फळीवर ठेवावा.